ग्रुपच्या वेबसाइटसाठी रंग कसे निवडायचे (आणि संत्रा रंग कुठे लावायचा)

नागपुरात कोणत्याही ग्रुपची वेबसाइट बनवायला घेतली की पहिल्याच मीटिंगमध्ये कोणीतरी म्हणतेच, "भाऊ, संत्रा रंग पाहिजे." साहजिकच आहे, संत्रानगरी आहे आपली, मेट्रोची एक लाइनसुद्धा ऑरेंज. माझं म्हणणं एवढंच आहे की तो रंग जरूर घ्या, पण सगळ्यात शेवटी घ्या आणि थोडासाच घ्या. अशा साइटवर लोकं एकमेकांनी लिहिलेलं वाचायला येतात, रोज येतात, बराच वेळ वाचत बसतात, त्यात चष्मेवाले काका-काकूही असतात, म्हणून रंगांची सुरुवात वाचण्यापासून व्हायला पाहिजे.

उदाहरण म्हणून अंबाझरी, गोरेवाड्याकडे पक्षी पाहायला जाणाऱ्यांचा एखादा ग्रुप धरून चालू.

पहिले कागद घ्या आणि रंग कुठे कुठे लागणार आहे ते लिहून काढा. बॅकग्राउंड, मजकूर, तारीख-वेळेसारखा बारीक मजकूर, लिंक, वाचून झालेली लिंक, मुख्य बटन, डिलीटचं बटन, "पोस्ट झाली" आणि "काहीतरी चुकलं" हे दोन मेसेज, अ‍ॅडमिनच्या नावापुढचा बिल्ला. ही यादी झाल्याशिवाय पॅलेट बनवणाऱ्या साइट उघडूच नका, त्या पाच सुंदर रंग देऊन मोकळ्या होतात आणि त्यातला एकही मजकुराच्या कामाचा नसतो.

आता बॅकग्राउंड आणि मजकूर. इथे एक आकडा पाठ करून ठेवा, ४.५. वेबसाइट सगळ्यांना वापरता यावी म्हणून डब्ल्यूसीएजी नावाचे जागतिक नियम आहेत, त्यांच्या एए म्हणजे मधल्या लेव्हलप्रमाणे साध्या मजकुराचा बॅकग्राउंडशी कॉन्ट्रास्ट, म्हणजे दोन रंगांच्या उजळपणातला फरक, कमीत कमी ४.५ ला १ पाहिजे, मोठ्या हेडिंगला ३ ला १ चालते. शुद्ध पांढऱ्यावर शुद्ध काळा म्हणजे २१, त्याच्या वर काही नाही. सगळ्यात जास्त गडबड करड्या रंगात होते. स्क्रीनवरचा कोणताही रंग लाल, हिरवा, निळा यांच्या ० ते २५५ मधल्या तीन आकड्यांनी सांगतात. पांढऱ्यावर लाल, हिरवा, निळा तिन्ही ११८ असलेला करडा घेतला तर ४.५४ येते, पास. तिन्ही ११९ केले की ४.४८, नापास. म्हणजे "थोडा फिका करू, छान दिसते" म्हणताना आपण नेमकं कुठे उभे आहोत ते मोजल्याशिवाय कळत नाही. मोजणं सोपं आहे, क्रोममध्ये मजकुरावर राइट क्लिक, इन्स्पेक्ट, मग रंगाच्या छोट्या चौकोनावर क्लिक केलं की कॉन्ट्रास्टचा आकडा तिथेच दिसतो.

मराठीसाठी मी ४.५ वर थांबत नाही, ७ च्या पुढेच राहा असं सांगतो. आपल्या अक्षरात अनुस्वार आहे, रफार आहे, उकार आहेत, जोडाक्षरांचे बारीक कोपरे आहेत आणि फिक्या रंगात पहिले तेच गायब होतात. त्यात पातळ वजनाचा फॉन्ट घेतला तर "आत" आणि "आंत" मधला फरक मोबाइलवर शोधत बसावा लागतो. आणि मे महिन्यात ४५ डिग्रीच्या उन्हात बर्डीच्या सिग्नलवर कोणी फोन काढून मीटिंग पॉइंट पाहून राहिला असेल, तर त्याला तुमचा नाजूक करडा रंग दिसणारच नाही.

फोटोवाला ग्रुप असेल तर बॅकग्राउंड पांढरा किंवा अगदी साधा करडाच ठेवा. रंगाच्या शेजारी रंग आला की डोळ्याला दोन्ही वेगळे दिसतात, त्यामुळे हिरव्यागार बॅकग्राउंडवर खंड्याचा निळा आणि हळद्याचा पिवळा जसा आहे तसा वाटत नाही. बॅकग्राउंड साधा ठेवल्याचा अजून एक फायदा, पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी नागपुरात निघणाऱ्या पिवळ्या-काळ्या मारबतीचं बॅनर लावा की दिवाळीचं लावा, बाकी साइटशी भांडत नाही.

मग येतात अर्थाचे रंग. लाल म्हणजे चुकलं, हिरवा म्हणजे झालं, हे ठीक, पण नुसत्या रंगावर विसंबू नका. लाल-हिरव्यातला फरक न कळणारी माणसं प्रत्येक मोठ्या ग्रुपमध्ये सापडतात, आणि तो दोष एक्स क्रोमोसोमवरून येत असल्याने पुरुषांमध्ये बराच जास्त असतो. म्हणून मेसेजच्या पुढे चिन्ह आणि शब्द दोन्ही द्या, लिंकच्या खाली रेघ राहू द्या. वाचलेल्या लिंकचा रंग वेगळा ठेवा, ज्या साइटवर रोज नवीन पन्नास गोष्टी येतात तिथे याचा फार उपयोग होतो आणि बहुतेक लोकं नेमकं हेच काढून टाकतात.

आता संत्रा. नेहमीचा संत्रा, म्हणजे लाल २५५, हिरवा १६५, निळा ०, पांढऱ्यावर मोजा: जेमतेम २. म्हणजे पांढऱ्यावर संत्र्या रंगाची अक्षरं नाही आणि संत्र्या बटनावर पांढरी अक्षरंही नाही, दोन्हीचं गणित एकच. त्याच बटनावर काळी अक्षरं टाका, कॉन्ट्रास्ट साडेदहाच्या वर जातो आणि बटन दिसतेही झक्कास. लिंकला संत्र्याचीच छटा पाहिजे असेल तर गडद करा, १९४, ६५, १२ हा पिकून तांबूस झालेल्या फळासारखा रंग पांढऱ्यावर ५ च्या थोडा वर येतो. लांबलचक मजकुराला नाही, पण लिंकला चालून जाते. लोगो, मुख्य बटन, लिंक, बस. दर पट्टीवर, दर चौकटीवर संत्रा लावला तर नेमकं दाबायचं कुठे ते कळत नाही.

मुख्य रंग ठरवताना सदस्यांना विचारा हे मी मुद्दाम सांगतो. भगवा, निळा, हिरवा हे आपल्याकडे नुसते रंग नाहीत, त्यांच्यामागे लोकांची श्रद्धा आहे, दीक्षाभूमीच्या गावात निळ्याचं महत्त्व वेगळं सांगायला नको, शिवाय राजकीय पक्षांचे झेंडेही आहेत. ग्रुप सगळ्यांचा असेल तर पहिल्यांदा आलेल्या माणसाला "हे आपलं नाही" असं वाटता कामा नये.

डार्क मोड देणार असाल तर रंग नुसते उलटे करू नका, वेगळा सेट बनवा. बॅकग्राउंड पूर्ण काळा न घेता १८, १८, १८ घ्या, मजकूर थोडा मळकट पांढरा. गंमत म्हणजे पांढऱ्यावर नापास झालेला आपला संत्रा इथे ९ च्या वर जातो, आणि तो गडद तांबूस मात्र साडेतीनच्या आसपास अडकतो. म्हणून दोन्ही मोडमध्ये लिंकचा रंग वेगवेगळा लागतो.

शेवटची चाचणी लॅपटॉपवर करू नका. मध्यम किमतीचा, स्क्रीनगार्डवर ओरखडे असलेला फोन घ्या, ब्राइटनेस अर्ध्यावर ठेवा, दुपारी बाहेर जा, एक मोठी पोस्ट पूर्ण वाचा. मग सेटिंगमधून स्क्रीन ब्लॅक अँड व्हाइट करा आणि पाहा, डिलीटचं बटन आणि सेव्हचं बटन अजूनही वेगळं ओळखू येते का. नसेल येत तर रंग बदलण्याआधी त्यांच्यावरचे शब्द आणि जागा बदला.

सगळं जमलं की प्रत्येक रंगाचे आकडे आणि त्याचं काम एका फाइलमध्ये लिहा आणि दुसऱ्या अ‍ॅडमिनलाही द्या, नाहीतर सहा महिन्यांनी कोणीतरी नवीन पान बनवतो आणि अंदाजाने तिसराच संत्रा लावून मोकळा होतो.