रूट कॅनालला जाताय? एवढं माहीत असू द्या

एंडोडॉन्टिस्ट म्हणजे दाताच्या आतल्या नसेचे तज्ज्ञ. ते आधी एक्स-रे काढतात, दात बधिर करतात आणि त्याभोवती रबराचा पातळ पडदा बसवतात. त्यामुळे लाळ दातात जात नाही, औषध घशात उतरत नाही. मग सुईसारख्या बारीक फाइल्सनी दाताच्या मुळांतल्या नळ्या, म्हणजेच रूट कॅनाल, साफ होतात. दाढेत बहुधा ३ ते ४ नळ्या असतात, म्हणून वेळ लागतो. मध्येच कळ आली तर सोसत बसू नका, हात वर करा. भूल वाढवता येते. नंतर काही दिवस चावताना दुखू शकतं. सूज वाढली किंवा ताप आला तर लगेच कळवा. दाढेवर कॅप (वरचं टोपण) बसेपर्यंत त्या बाजूने कडक काही चावू नका, दाढ तडकू शकते आणि फार तडकलेली दाढ काढावीच लागते.