सीबीटी करायचीय? फोन कुठे करायचा आणि आत गेल्यावर काय होतं

मला लोकलमध्ये धडधडायचं, हात गार पडायचे, वाटायचं आत्ता इथेच पडणार. ईसीजी नॉर्मल, टूडी एको नॉर्मल. शेवटी फॅमिली डॉक्टरच म्हणाले की हे पॅनिक आहे, सीबीटी करून बघ. सीबीटी म्हणजे कॉग्निटिव्ह बिहेवियरल थेरपी. सोप्या भाषेत, डोक्यात येणारा विचार, त्याने होणारी घालमेल आणि मग आपण जे टाळायला लागतो ते, ही साखळी पकडून हळूहळू सोडवायची.

आधी माणूस नीट शोधा, कारण काउन्सेलर अशी पाटी कुणीही लावतं. सायकियाट्रिस्ट हे एमबीबीएस करून पुढे मानसोपचार शिकलेले डॉक्टर, ते गोळ्या देतात. क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट गोळ्या देत नाहीत, थेरपी देतात आणि त्यांची आरसीआयकडे म्हणजे रिहॅबिलिटेशन कौन्सिल ऑफ इंडियाकडे नोंदणी असते, तो नंबर बिनधास्त विचारा. फोनवरच अजून तीन गोष्टी विचारा: सीबीटीचं ट्रेनिंग घेतलंय का, घरी करायला गृहपाठ देता का, आणि फी किती, परवडत नसेल तर कमी होते का. गृहपाठ नाही असं उत्तर आलं तर मी तरी दुसरीकडे बघेन.

पैशाची ओढाताण असेल तर जिल्हा रुग्णालयाची मानसोपचार ओपीडी, मुंबईत केईएम, सायन, नायर. गर्दी असते, पहिल्यांदा बहुतेक सायकियाट्रिस्टच तपासतात, तर त्यांना स्पष्ट सांगा की मला सीबीटीसाठी सायकॉलॉजिस्टकडे पाठवा, न सांगता ते होईलच असं नाही. ठाण्याकडे राहत असाल तर आयपीएच म्हणजे इन्स्टिट्यूट फॉर सायकॉलॉजिकल हेल्थ ही मानसिक आरोग्यासाठी काम करणारी संस्था आहे, १९९० पासून. आणि काहीच सुचत नसेल तर १४४१६ लावा, सरकारची टेली-मानस लाइन, फुकट, २४ तास, मराठीत बोलता येतं. तिथे सीबीटीचा पूर्ण कोर्स होत नाही पण जवळ कुठे जायचं ते विचारता येतं. जीव द्यायचे विचार येत असतील तर मात्र अपॉइंटमेंटची वाट बघूच नका, आत्ता हाच नंबर लावा किंवा घरच्या कुणाला घेऊन सरळ जवळच्या हॉस्पिटलच्या कॅज्युअल्टीत जा.

एक गोष्ट मला फार महत्त्वाची वाटते, शक्य असेल तर थेरपी मराठीतून करा. मी आधी इंग्रजीतून केली, तीन सेशन नुसतं छान छान बोलत होते. "मी घरच्यांना भार झालेय" हे वाक्य मराठीतच आलं आणि ते आलं तेव्हा कुठे काम सुरू झालं.

सेशन साधारण ४५ मिनिटं ते तासभर, बहुधा आठवड्याला एक, असे ६ ते २० वगैरे. पहिल्या वेळी नुसती माहिती घेतात, झोप, भूक, कधीपासून, आणि प्रश्नांचा एक छोटा फॉर्म असतो तो मधेमधे परत भरून घेतात, फरक पडतोय का ते त्यात दिसतं. लहानपण फारसं उकरत नाहीत, जोर आत्ताच्या त्रासावर असतो. मग वही. समजा साहेबांचा मेसेज आला, "उद्या भेट". लगेच डोक्यात काय आलं, तर नोकरी गेली. किती खरं वाटलं, ९० टक्के. आता पुरावा लिहायचा, दोन्ही बाजूंचा, आणि मग परत आकडा. माझा ५० वर यायचा, शून्यावर कधीच नाही, आणि तो यावा अशी अपेक्षाही नसते. बळंच पॉझिटिव्ह विचार करायला कुणी सांगत नाही.

दुसरा भाग अवघड. जे टाळतो तेच थोडंथोडं करायचं. मी आधी फलाटावर नुसती उभी राहिले, मग दुपारच्या रिकाम्या गाडीने दादर ते माटुंगा, एकच स्टेशन, धडधड झाली तरी मधे उतरायचं नाही, ती आपोआप ओसरते का ते बघायचं. ओसरली. पण त्या आठवड्यांत त्रास आधी वाढल्यासारखा वाटतो आणि बरेच जण इथेच सोडतात, म्हणून हे आधीच माहीत असू द्या. गोळ्या चालू असतील तर डॉक्टरांना न विचारता बंद करू नका, दोन्ही एकत्र चालतं.

पाच-सहा सेशननंतरही काहीच हलत नसेल तर थेरपिस्टला तोंडावर सांगा, चांगला माणूस पद्धत बदलतो किंवा दुसऱ्याकडे पाठवतो. शेवटी सेशन पंधरा दिवसांनी, महिन्याने असे लांबवतात, आणि त्रास परत आला तर काय करायचं ते आपल्याच अक्षरात लिहून घेतात. माझा तो कागद अजून पर्समध्ये पासच्या मागे आहे.