धबधब्यातील वीज कशी मोजावी

आषाढात गोव्याचा दूधसागर धबधबा पाहून आलेल्या माणसाला, एवढे पाणी फुकट वाहून जाते आणि गोव्याला मात्र वीज बाहेरून आणावी लागते, याची हळहळ वाटणे साहजिक आहे. तिच्यात तथ्य किती, हे दोन आकड्यांवरून कळते. दर सेकंदाला पडणारे पाणी घनमीटरमध्ये घ्यावे, त्याला मीटरमधील उंचीने आणि ९.८१ ने गुणावे, म्हणजे किलोवॉटमधील शक्ती मिळते. दूधसागराची उंची सुमारे ३१० मीटर आहे; तेव्हा सेकंदाला एक घनमीटर पाणी आले, तर हिशेबाने तीन मेगावॉट होतात.

हाच हिशेब गोव्यातील सत्तरी-सांग्याकडच्या कुळागरातील (पोफळींच्या बागेतील) व्हाळाला, म्हणजे ओढ्याला, लावता येतो, मात्र मोजणी एप्रिल-मे महिन्यांत करावी. व्हाळाला माती आणि पोती टाकून आडवा बांध घालावा, त्यातून पीव्हीसी पाइप काढावा आणि बांधामागची पातळी चढायची थांबेपर्यंत वाट पाहावी, कारण तोवर पाइपातून येणारे पाणी खऱ्या प्रवाहापेक्षा कमीच असते. त्यानंतर वीस लिटरची बादली भरायला लागणारा वेळ घ्यावा. उंची मोजताना उतारावरून टेप ओढू नये. गवंडी वापरतात त्या पारदर्शक पाण्याच्या नळीने टप्प्याटप्प्याने उभे अंतर घ्यावे आणि सगळ्या टप्प्यांची बेरीज करावी.

बादली चार सेकंदांत भरली, म्हणजे प्रवाह सेकंदाला पाच लिटरचा, अर्थात ०.००५ घनमीटरचा झाला. उंची वीस मीटर असेल तर सुमारे ९८० वॉट येतात. पाइपातील घर्षण, टर्बाइन (पाण्याने फिरणारे चाक) आणि जनित्र यांत निम्मे जाते असे धरावे. उरलेले ४९० वॉट कमी वाटतात खरे, परंतु यंत्र अहोरात्र चालले तर दिवसाला बारा युनिटांच्या जवळपास वीज होते. अर्थात पोफळींच्या पाटाला लागणारे पाणी आधीच वजा करावे. बागायत सुकवून दिवे लावण्यात शहाणपण नाही. पाणी कमी आणि उंची जास्त असल्यास पेल्टन जातीचे, म्हणजे तोटीतून सुटलेली धार वाट्यांवर आदळून फिरणारे टर्बाइन घ्यावे. पाइपाच्या तोंडाशी जाळी आणि गाळ बसण्यासाठी लहान टाकी हवीच, नाहीतर पाचोळा टर्बाइनची तोटी बुजवतो.

मोठ्या धबधब्यातून वीज कशी काढतात, याचे खरे उत्तर कर्नाटकातील जोग धबधब्याला मिळते. शरावती नदी तेथे २५३ मीटर कोसळते, पण तिच्यावरची वीज धबधब्याखाली चाक लावून निघत नाही. १९६४ मध्ये पूर्ण झालेल्या लिंगनमक्की धरणात पावसाळ्याचे पाणी साठवून ते वर्षभर नळांतून वीजगृहाकडे सोडतात, आणि म्हणून उन्हाळ्यात जोगच्या कड्यावर जेमतेम धारा उरतात. दूधसागराचे पाणीही उन्हाळ्यात आटते, तेव्हा तेथे बारमाही वीज हवी असल्यास वरच्या अंगाला असाच मोठा साठा करावा लागेल, आणि तो परिसर अभयारण्याचा आहे. माझ्या मते दूधसागराचा नाद सोडून खासगी जमिनीतील व्हाळ मोजावेत. मात्र बांध कायमचा करायचा असल्यास जलस्रोत खात्याकडे आधी चौकशी करावी आणि खालच्या बागायतदारांशीही बोलून घ्यावे.