हाताने घडवलेले दागिने प्रदर्शनात विकायचे असतील तर

स्टॉलचं भाडं भरण्याआधी एक भागाकार करा. भाडं, येण्याजाण्याचा खर्च, डब्या-पिशव्या यांची बेरीज घ्या. कच्चा माल आणि तुमची मजुरी वजा जाता एका नगामागे सरासरी जे उरतं, त्याने तिला भागा. उत्तर ४० आलं आणि प्रदर्शन ६ तासांचं असेल, तर दर ९ मिनिटांना एक नग खपला तरच खर्च निघतो. हे जमणारं नसेल तर स्टॉल दोघींत वाटून घ्या किंवा छोटं टेबल मागा. मजुरी मोजताना कानातल्यांच्या एका जोडीचा वेळ धरू नका. मणी निवडणं, तार कापणं, टोकं घासणं धरून १० जोड्यांना लागलेला वेळ घ्या आणि १० ने भागा. आकडा बहुधा वाढलेलाच निघतो.

प्रदर्शनात दागिना दिवसभर हाताळला जातो, ओढला जातो. सगळ्यात आधी दगा देते ती जंप रिंग, म्हणजे दागिन्याचे भाग जोडणारं तारेचं बारीक वळं. ती दोन पकडींत धरून टोकं एक पुढे, एक मागे अशी वळवून उघडायची. टोकं बाजूला फाकवली की गोलाई बिघडते, फट राहते आणि त्या फटीतून बारीक साखळी निसटते. कानातल्यांच्या हुकाला ०.८ मिलिमीटरची तार ठीक. तिचं कापलेलं टोक कानसून गोल केलंच पाहिजे. मुलामा दिलेल्या हुकाखाली निकेल असेल, तर मुलामा झिजल्यावर काहींचे कान खाजतात. म्हणून खालचा धातू कोणता ते विचारूनच हुक घ्या आणि चिठ्ठीवर खरं तेच लिहा: ‘९२५ चांदी’ (हजारात ९२५ भाग चांदी) वेगळी, ‘चांदीचा मुलामा’ वेगळा.

मांडणीवर मात्र जीव ओता. टेबल साधारण ७५ सेंटिमीटर उंच असतं. त्यावर सपाट पसरलेले दागिने उभ्या माणसाला दिसत नाहीत, नुसता चकचकाट दिसतो. कापडाखाली खोकी ठेवून मागची बाजू ३०-४० सेंटिमीटर उचला. कानातले वर लटकते, अंगठ्या पुढे हाताशी. उघड्यावर वाऱ्याने उंच स्टँड कलंडतात, तेव्हा बुडाला वजन बांधा. आरसा चेहऱ्याच्या उंचीवर हवा, टेबलावर आडवा टाकलेला आरसा फक्त हनुवटी दाखवतो. किंमत प्रत्येक नगावर लिहा. ‘केवढ्याला?’ विचारायला संकोचणारे गिऱ्हाईक काही न बोलता पुढे सरकते. सगळा माल एकदम मांडू नका, तिसरा हिस्सा टेबलाखाली राहू द्या आणि जागा रिकामी होईल तसा काढा.

गळ्यातल्याची लांबी हा नेहमीचा घोळ. ४० आणि ४५ सेंटिमीटरचे नग करून मागे ५ सेंटिमीटरची जोडसाखळी लावली की बहुतेकांचं भागतं. सोबत दोन पकडी, सुट्या जंप रिंग, फिरक्या आणि सुटे पैसे ठेवा. मोबाइलची रेंज गेली तर नोटाच कामी येतात (आणि ती नेमकी गर्दीतच जाते).

आवरताना घालून पाहिलेला प्रत्येक नग मऊ कोरड्या कापडाने पुसा, घामाने पितळ काळवंडतं. चांदीला रबरबँड लावू नका, त्यातल्या गंधकाने ती काळी पडते. साखळ्या एकेका झिपच्या पिशवीत घालताना कडीकडचं टोक बाहेर ठेवून झिप लावा, म्हणजे त्यांचा गुंता होत नाही.