हद्दपारीवरचे सिनेमे बघायचेत? मग असे बघा

आधी दहा मिनिटं इतिहास वाचा, खरंच, नाहीतर अर्ध्या गोष्टी डोक्यावरून जातात. सुरुवात 'हायतार्मा' (2013) पासून करा. 18 मे 1944 ला स्टालिनच्या हुकुमावरून क्रिमियन तातारांना (काळ्या समुद्राकाठच्या क्रिमियातला मुस्लिम समाज) घरातून उचलून मालगाड्यांत कोंबलं आणि बहुतेकांना उझबेकिस्तानात नेऊन टाकलं, आणि सिनेमाचा नायक आमेत-खान सुलतान तेव्हा सोव्हिएत सैन्याचाच नावाजलेला फायटर पायलट होता, हे माहीत असलं की शेवट बघताना पोटात खड्डा पडतो. हायतार्मा हे त्यांच्या नाचाचं नाव, अर्थ 'परत येणं'.

डब केलेलं नको, सबटायटल लावा. कोण घरात कुठली भाषा बोलतं आणि सैनिक आला की कुठली, ओळख काय असते ते तिथेच कळतं.

मग एस्टोनियाचा 'रिस्टुउलेस' (2014). ब्लॅक अँड व्हाइट, बरेचसे सीन गोठलेले, माणसं पुतळ्यासारखी उभी आणि कॅमेरा तेवढा फिरतोय, त्यामुळे फोन लांब ठेवा.

शेवटी 'डिप्लोमसी' (2014), हा हद्दपारीवरचा नाही, पण त्याच युद्धातला: ऑगस्ट 1944 चं पॅरिस, शहर उद्ध्वस्त करायचा हिटलरचा हुकूम आणि ते वाचवायला एका रात्री चाललेली बोलणी. स्वीडिश कॉन्सुल नॉर्डलिंग आणि जर्मन जनरल कोल्टित्झ खरे, पण त्या रात्रीची भेट रचलेली आहे, म्हणून बघून झाल्यावर खरं काय घडलं ते तपासाच.