शाळेशी पालक जोडले जात नाहीत? या चुका टाळा

स्नेहसंमेलनाला सभागृहात पाय ठेवायला जागा नसते आणि दोनच आठवड्यांनी पालकसभा लावली की अर्ध्या खुर्च्या रिकाम्या. मग स्टाफरूममध्ये शेरा पडतो, 'पालकांना आस्थाच नाही.' आस्था असते. गडबड बहुतेक वेळा बोलावण्याच्या कारणात, वेळेत आणि निरोपाच्या भाषेत असते.

चूक १: गुण, तक्रार आणि पैसे, एवढ्यासाठीच फोन

शाळेचा नंबर दिसला की आईच्या पोटात गोळा येत असेल, तर तिथे आपलेपणा रुजणार नाही. म्हणून वर्षातला पहिला फोन तक्रारीचा नको. पटावर चाळीस मुलं असतील तर रोज चार फोन, प्रत्येकी तीन-चार मिनिटं. शाळेचे दहा दिवस पुरतात. जूनमध्ये शाळा उघडल्यावर दुसऱ्या आठवड्यात सुरुवात करा, म्हणजे मुलाबद्दल पाहिलेली एखादी गोष्ट सांगता येते ('डबा वाटून खाते', 'फळा पुसायला सगळ्यात आधी उठतो'). मग तीनच प्रश्न विचारा: घरी काय नावाने हाक मारता, शाळेतून न्यायला कोण येतं, फोन कधी उचलता येतो. उत्तरं वहीत लिहा. तिसरं उत्तर पुढे सभेची वेळ ठरवायला लागतं.

चूक २: सभा शाळेच्या सोयीने

शनिवारी सकाळी अकरा ही वेळ शाळेला सोयीची. घरकाम करणाऱ्या बाईंच्या तेव्हा तीन-चार घरच्या फेऱ्या चालू असतात, दुकानात किंवा रोजंदारीवर असणाऱ्यांचा खाडा पडतो. रविवार ठेवला तर मुंबईत मेगाब्लॉक (दुरुस्तीसाठी काही तास लोकल बंद) आडवा येतो. लांबून लोकलने येणारा पालक तिथेच गळतो. उपाय एकच: तीच सभा दोनदा घ्या. एकदा सकाळी मुलांना सोडायच्या वेळी वीस मिनिटं, एकदा संध्याकाळी सात वाजता. दोन सत्रांची शाळा असेल तर दुपारी सत्र बदलताना दोन्हीकडचे पालक आपसूक फाटकाशी असतात. ती वेळ फुकट घालवू नका.

मांडणीही बघा. दुसरीच्या बाकावर मोठ्या माणसाचे गुडघे हनुवटीला लागतात आणि समोर शिक्षक उभे. अशा वर्गात पालक बोलत नाहीत, ऐकून घरी जातात. सहा-सात खुर्च्यांची वर्तुळं करा. पहिली पाच मिनिटं मुलांनी काहीतरी दाखवायचं (मूल दाखवणार असेल तर बाबाही येतात), दहा मिनिटं गटात एकच प्रश्न, पाच मिनिटं निर्णय. फळ्यावर लिहा: काम कोणतं, कोण करणार, कधीपर्यंत. गुण सर्वांसमोर मोठ्याने वाचायचे नाहीत. एकदा वाचले की कमी गुणवाल्यांचे पालक पुढच्या सभेला येत नाहीत.

तरीही संख्या वाढत नसेल, तर सूचना वाचून पाहा. 'उपस्थित राहणे अनिवार्य आहे' हे नोटिशीसारखं वाटतं. 'सोमवारी मुलांना सोडायला याल तेव्हा वीस मिनिटं थांबा' हे निमंत्रण. काही घरांत वाचणारं कोणी नसतं; तिथे वर्गशिक्षकांच्या आवाजातला अर्ध्या मिनिटाचा व्हॉइस मेसेज पाठवा.

चूक ३: समिती फक्त कागदावर

शिक्षण हक्क कायदा, 2009 नुसार सरकारी आणि अनुदानित शाळांच्या व्यवस्थापन समितीत तीन चतुर्थांश सदस्य पालक आणि निम्म्या सदस्य महिला असाव्या लागतात. प्रत्यक्षात इतिवृत्ताची वही सहीसाठी घरोघर फिरते. समितीला आधी डोळ्यांना दिसणारं काम द्या: गळका नळ, मुलींच्या स्वच्छतागृहाची तुटलेली कडी, शाळा सुटताना फाटकाशी होणारी रिक्षांची कोंडी. दिवाळीच्या सुट्टीआधी त्यातलं एक तडीस गेलं की सदस्य स्वतःहून येऊ लागतात.

चूक ४: वर्गणी

सहल, पोशाख, खाऊ, प्रत्येकाचे पैसे. ज्या घराला झेपत नाही ते मूल त्या दिवशी 'आजारी' पडतं. खासगी शाळांत शिक्षण हक्क कायद्याच्या पंचवीस टक्के राखीव जागांवर आलेल्या मुलांच्या बाबतीत तर हे सर्रास होतं. डबा आणायला सांगितला तरी घराघरातला फरक उघडा पडतोच. त्याऐवजी शाळेतच भेळ करा. चाळीस मुलांना साधारण दोन किलो कुरमुरे, एक किलो शेव, दोन-दोन किलो कांदा आणि उकडलेला बटाटा, एक-एक लिटर गोड-तिखट चटणी पुरते. जैन मुलांसाठी कांदा-बटाटा वेगळा ठेवा, शेंगदाण्याची अ‍ॅलर्जी आधी विचारा. सामान शाळेचं, हात पालकांचे.

व्हॉट्सअ‍ॅपबद्दल थोडक्यात: सूचनांचा ग्रुप फक्त अ‍ॅडमिनचा, बोलण्याचा वेगळा. एकच बंद ग्रुप ठेवलात तर तक्रारी शिक्षक नसलेल्या ग्रुपात शिजतात. आणि फोन घरात एकच, तोही रात्री उशिरा परतणाऱ्या बाबांकडे असतो. म्हणून उद्याच्या कामाची सूचना आज रात्री नाही, दोन दिवस आधी.

चूक ५: शेजार गृहीत धरणं

एकाच वर्गातल्या दोन मुलांच्या आया एकाच गल्लीत राहतात आणि एकमेकींना ओळखत नाहीत, हे मुंबईत नेहमीचं. वस्तीनुसार पाच-सहा घरांचे गट पाडा. प्रत्येकाकडून लेखी घ्या की गरज पडली तर आपलं मूल गटातल्या कोणाकडे सोपवायचं. 26 जुलै 2005 ला सांताक्रूझला 24 तासांत 944 मिलिमीटर पाऊस पडला, तेव्हा कित्येक मुलांनी रात्र शाळेतच काढली. ही यादी मोबाइलमध्ये नको. छापून एक प्रत मुख्याध्यापकांकडे आणि एक फाटकावरच्या शिपाईकाकांकडे ठेवा. त्या दिवशी फोनही लागत नव्हते.