नाशिकला गुंतवणुकीसाठी फ्लॅट घेताय? रिस्क मोजताना या चुका टाळा

मुंबईतल्या वन बीएचकेच्या पैशात नाशिकला मोठा फ्लॅट येतो हे खरंय, म्हणून आपल्याकडची बरीच मंडळी शनिवार-रविवार कसारा घाट चढून साईट बघायला जातात नि सोमवारी टोकन देऊन मोकळी होतात. स्वतः राहायला घेत असाल तर गोष्ट वेगळी. पण गुंतवणूक म्हणून घेताय तर एक लक्षात घ्या, अशा मध्यम शहरात भाव धाडकन पडतो असं क्वचितच होतं, खरा त्रास होतो तो विकायला काढल्यावर गिऱ्हाईक न मिळण्याचा. भाव कागदावर छान दिसतो आणि फ्लॅट पडून राहतो.

पहिली चूक म्हणजे पोर्टलवरचा भाव खरा धरणे. तो मागणाऱ्याचा आकडा आहे, मिळालेला नाही. व्यवहार कितीला झाला ते इंडेक्स-२ वर, म्हणजे नोंदणी झालेल्या व्यवहाराच्या सरकारी गोषवाऱ्यावर कळतं, त्यात 'मोबदला' (प्रत्यक्ष ठरलेली किंमत) आणि 'बाजारभाव' (सरकारी मूल्यांकन) वेगवेगळे लिहिलेले असतात आणि आयजीआरच्या, म्हणजे राज्याच्या नोंदणी विभागाच्या साईटवर ई-सर्च करून ते बघता येतं. त्याच बिल्डिंगमधले, नाहीतर शेजारचे, गेल्या वर्ष-दोन वर्षातले रिसेलचे व्यवहार शोधा. नवीन बुकिंग भरपूर पण रिसेल जवळपास नाहीच, असं दिसलं तर मला तरी तीच सगळ्यात मोठी धोक्याची खूण वाटते. एनएचबी रेसिडेक्समध्ये, म्हणजे नॅशनल हाउसिंग बँकेच्या घरांच्या किमतींच्या निर्देशांकात, नाशिकचा इंडेक्स मिळतो, जरूर बघा, पण तो अख्ख्या शहराचा असतो, गंगापूर रोडचं आणि आडगावचं मार्केट एक नाही.

दुसरी चूक, घोषणेवर पैसे लावणे. २०२१ च्या केंद्रीय बजेटमध्ये नाशिक मेट्रोसाठी २,०९२ कोटी जाहीर झाले होते, तेव्हा ब्रोशरमध्ये 'मेट्रोजवळ' बघून ज्यांनी जास्त भाव दिला त्यांनी स्टेशनचे पैसे आधीच भरले, गाडी मात्र आलेली नाही. समृद्धी महामार्ग २०२५ मध्ये पूर्ण झाला, तो खरा फायदा. आता २०२७ च्या कुंभमेळ्याचं नाव घेतलं जातंय, रस्ते-पूल सुधारतील ते चांगलंच, पण कुंभाला येणारा भाविक तुमच्याकडे ११ महिन्यांचं ॲग्रीमेंट करणार नाही, भाडेकरू येणार तो सातपूर-अंबडच्या कंपन्यांतून, कॉलेजांतून, हॉस्पिटलांतून. तिथे नोकऱ्या वाढतायत का ते विचारा.

भाड्याचा हिशोब तर लोक करतच नाहीत. समजा फ्लॅट ६० लाखांचा, भाडं १४ हजार. वर्षाचे १ लाख ६८ हजार, म्हणजे २.८ टक्के, तेही मेंटेनन्स, घरपट्टी आणि रिकामे महिने न धरता. ४८ लाख लोन ८.५ टक्क्यांनी २० वर्षांसाठी काढलं तर हप्ता जवळपास ४१,६०० रुपये. दर महिन्याला साडेसत्तावीस हजार खिशातून जाणार, आणि एक पगार थांबला तर ते कुठून येणार याचं उत्तर टोकन देण्याआधी घरात बसून ठरवा, प्लीज.

पुराचं विसरू नका. गोदावरी आणि नंदिनीच्या काठचे प्लॉट असतील तर निळी आणि लाल पूररेषा (पुराचं पाणी कुठपर्यंत येऊ शकतं ते दाखवणाऱ्या सरकारी रेषा) नकाशावर बघून घ्या, महापालिकेत विचारा. २००८ आणि २०१९ ला पाणी कुठपर्यंत आलं होतं ते जुना रहिवासी गोदापात्रातल्या दुतोंड्या मारुतीच्या मूर्तीला पाणी कुठवर लागलं त्यावरून बरोबर सांगतो. भोगवटा प्रमाणपत्र (इमारत राहायला योग्य असल्याचा महापालिकेचा दाखला, ओसी) नसेल तर पुढचा खरेदीदार आणि त्याची बँक दोघंही अडतात, हे वेगळं सांगायला नको.

आणि आधीच अडकला असाल तर? फ्लॅट तयार असेल तर 'मी घातले तेवढे व्याजासकट हवेत' हा हट्ट सोडा, ताज्या इंडेक्स-२ प्रमाणे भाव लावा, एकाच एजंटवर न थांबता दोन-तीन लोकल एजंटना सांगा आणि राहत्या भाडेकरूला आधी विचारा, बरेचदा तोच घेतो. बांधकाम रखडलं असेल तर महारेराच्या (बिल्डरांच्या प्रकल्पांवर देखरेख करणारं राज्याचं प्राधिकरण) साईटवर प्रोजेक्टची पूर्ण होण्याची तारीख किती वेळा पुढे गेली ते काढा. करारातली ताब्याची तारीख उलटली असेल तर रेरा कायद्याच्या कलम १८ खाली दोन वाटा आहेत, बाहेर पडून पैसे व्याजासकट परत मागायचे, नाहीतर थांबून ताबा मिळेपर्यंत दर महिन्याचं व्याज मागायचं. बिल्डरने गोड बोलून नवीन तारखेच्या कागदावर सही मागितली तर आधी वकिलाला दाखवा, सही नंतर.